रंग धाग्यात शिरतो की धाग्यावर बसतो?

मागच्या गणपतीत आमच्या बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या मंडळात टी-शर्टांवरून महाभारत झालं. चाळीस टी-शर्ट छापून आले होते, छातीवर बाप्पा आणि खाली मंडळाचं नाव. ऐन वेळी बारा कमी पडले. कुणीतरी धावत जाऊन मंगळ बाजारातून पांढरेशुभ्र सुती टी-शर्ट आणले, त्याच दुकानात दिले, आणि त्याच मशीनवर तेच चित्र उठवून घेतलं. ते बारा जरा फिके दिसत होते, पण मिरवणुकीच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षात येणार? दोन धुण्यांनंतर मात्र त्या बारांवरचा बाप्पा पुसट डागासारखा उरला. उरलेले चाळीस आजही नव्यासारखे आहेत.

सगळे दुकानदारावर तुटून पडले: "दुसऱ्या वेळी कच्चा रंग मारला." तो शपथेवर सांगत होता की शाई तीच, कागद तोच, मशीन तेच. मला पुढे कळलं की तो खरं बोलत होता. त्याची चूक वेगळीच होती. सुती कापड हातात घेतल्यावर "यावर हे टिकणार नाही" एवढं एक वाक्य त्याने बोलायला हवं होतं, ते तो बोलला नाही.

तेव्हापासून मी हा विषय धरून बसले. दांडिया बाजाराजवळ माझ्या मामेभावाची बायको घरातच टी-शर्ट छापायची गरम प्रेस चालवते. तिच्याकडे बसून, तिला शंभर प्रश्न विचारून जे समजलं, ते इथे मांडते.

मेंदी आणि टिकली

कापडावर थेट छापण्याऐवजी चित्र आधी दुसऱ्याच कशावर तरी छापायचं, कागदावर किंवा प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर. मग ते कापडावर ठेवून वरून उष्णता आणि दाब द्यायचा, की चित्र कापडावर उतरतं. या सगळ्या प्रकारांना मिळून हीट ट्रान्सफर म्हणतात. बाजारात त्याची पाच-सहा नावं फिरतात, पण मुळात प्रकार दोनच.

मेंदी आणि टिकली यांच्यात जो फरक, तोच या दोन प्रकारांत. मेंदीचा रंग कातडीत शिरतो. वरून हात फिरवला तर बोटाला काहीच लागत नाही, आणि मेंदी तुम्हाला सोलून काढता येत नाही. टिकली कपाळावर बसते. तिला जाडी आहे, कड आहे, पाठीमागे गोंद आहे, आणि गोंद सुटला की ती पडते.

कापडावरच्या चित्रावरून डोळे मिटून बोट फिरवा. चित्र कुठे सुरू झालं ते बोटाला कळलंच नाही, तर रंग धाग्यात शिरलेला आहे. कड लागली, रबरासारखा थर जाणवला, तर ते वर बसलेलं आहे. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं नाही. पण दोन्हींचं कापड वेगळं, धुणं वेगळं आणि बिघडण्याची तऱ्हाही वेगळी.

कापूर उडतो तसा रंग उडतो

धाग्यात शिरणाऱ्या प्रकाराला सब्लिमेशन म्हणतात. शाळेत आपण याला संप्लवन म्हणायचो: घन पदार्थाने मध्ये पातळ न होता थेट वाफ होणं. पूजेच्या डबीतला कापूर तसाच पडून राहिला तर हळूहळू लहान होत जातो, पण डबी कधी ओली होत नाही. कपाटातल्या डांबरगोळीचंही तेच.

या छपाईतले रंग कापरासारखेच वागतात, फक्त त्यांना उष्णता भरपूर लागते. डिस्पर्स रंग हे त्यांचं नाव. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाहीत. अतिशय बारीक वाटून पाण्यात नुसते तरंगत ठेवतात आणि त्याची शाई करतात. ही शाई प्रिंटरमधून कागदावर पडते. वहिनीच्या टेबलावर तो कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं शाई संपत आलीय. लाल रंग विटकरी, काळा मातकट, सगळं चित्र उन्हात पडून विटल्यासारखं. आणि "मोरया" ही अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी. उलटी छापावीच लागतात, कारण कागद पालथा पडणार असतो.

तिने टी-शर्ट आधी रिकामाच प्रेसखाली चार-पाच सेकंद दाबला. "दमटपणा जाऊ दे, नाहीतर वाफ धरून डाग पडतो." मग कागद पालथा ठेवला आणि दोन कडांना उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावली. वर आणखी एक साधा कागद ठेवून प्रेसची पाटी खाली ओढली. आकडा २०० अंश सेल्सिअसवर होता, घड्याळ ५० सेकंदांवर. शिटी वाजली, पाटी वर गेली, आणि तिने कागद एका झटक्यात सरळ वर उचलला. खाली जो लाल निघाला त्याला लाल म्हणावं. मघाचा विटकरी कागद हातात, आणि समोर कुंकवासारखा रंग! तो झटका महत्त्वाचा आहे बरं. कागद गरम असताना जरा सरकला, तर रंगाची वाफ शेजारी पडते आणि प्रत्येक अक्षराला सावली येते.

त्या ५० सेकंदांत काय झालं? पॉलिएस्टरचा धागा म्हणजे लांबच लांब साखळ्यांची दाट गर्दी. थंड असताना तिच्यात शिरायला जागा नसते. साधारण ७० ते ८० अंशांच्या पुढे या साखळ्या सैल होऊन हलू लागतात आणि २०० अंशांवर चांगल्याच मोकळ्या होतात. नवरात्रातलं गरब्याचं मैदान डोळ्यासमोर आणा: लोक दाटीवाटीने उभे आहेत तोवर मध्ये पाय ठेवायला जागा नाही. ढोल सुरू झाला, माणसं फिरायला लागली, की मध्ये फटी पडतात आणि एखादं पोर सहज आत शिरतं. ढोल थांबला की गर्दी पुन्हा दाटते आणि पोर मधोमध अडकतं. रंगाची वाफ म्हणजे ते पोर. कापड थंड झालं की रंग धाग्याच्या पोटात कैद. म्हणून तो धुण्याने जात नाही.

यात खेळायला जागा थोडी आहे. पॉलिएस्टर स्वतः २५० ते २६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या खूप आधी ते चकाकायला आणि आकसायला लागतं. त्यामुळे २०० अंशांच्या थोडं अलीकडे-पलीकडे एवढ्याच पट्ट्यात हे काम बसवावं लागतं.

पॉलिएस्टर १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी तयार केलं. डिस्पर्स रंग त्याच्याही आधीचे, १९२०च्या दशकात दुसऱ्याच एका कृत्रिम धाग्यासाठी केलेले. रंगाची वाफ करून कागदावरून कापडावर नेण्याची कल्पना १९५०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी पुढे आणली. आज इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या सुरतेत याच तत्त्वावर पॉलिएस्टरचे तागेच्या तागे छापले जातात. तिथे प्रेसच्या जागी मोठा गरम रूळ असतो. कागद आणि कापड एकमेकांना चिकटून त्याच्यावरून सरकत जातात आणि पलीकडून फुलांची साडी बाहेर पडते.

"मग सुतीवर का टिकला नाही?"

आमच्या बारा टी-शर्टांचं उत्तर इथे आहे, आणि ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. प्लास्टिकच्या डब्यात रश्शाची भाजी नेली की डबा कितीही घासा, केशरी झाक राहतेच. तीच भाजी स्टीलच्या डब्यातून नेली तर एका धुण्यात डबा लख्ख. तेलात मिसळणारा रंग प्लास्टिकला आपला वाटतो, तो आत मुरतो. स्टीलमध्ये त्याला मुरायला जागाच नाही.

पॉलिएस्टर हे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकचंच भावंड आहे. पाण्याशी ना त्याचं जमत, ना डिस्पर्स रंगाचं, म्हणून दोघांचं एकमेकांशी जमतं. सुती धागा सेल्युलोजचा, पाणी आवडीने पिणारा. घाम टिपतो म्हणून तर उन्हाळ्यात आपण सुती घालतो. त्याच्या साखळ्या उष्णतेने पॉलिएस्टरसारख्या सैल होत नाहीत, आणि हा रंग त्याला धरूनही ठेवता येत नाही. वाफ आली, धाग्याच्या अंगावर पडली, थंड झाली. पहिल्या दिवशी चित्र दिसलं, साबणाच्या पाण्याने ते नेलं.

म्हणजे रंग कच्चा नव्हता. तो चुकीच्या घरी पाठवला होता.

सुतीसाठी पक्के रंग नाहीत असं मुळीच नाही. १९५६ साली बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुती धाग्याशी रासायनिक गाठच बांधतात. पण त्यासाठी सोडा लागतो, बहुतेकदा वाफवणं लागतं, आणि गाठ न बांधलेला रंग काढून टाकायला भरपूर पाण्याने धुवावं लागतं. पन्नास सेकंदांत प्रेसवर होणारं ते काम नव्हे. आपल्या बडोद्याला हे शास्त्र परकं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य होते रसायनशास्त्राचे अभ्यासक त्रिभुवनदास गज्जर, आणि तिथे कापड रंगवण्याचं शिक्षण दिलं जाई. ज्या गावात कोणत्या धाग्याला कोणता रंग हे सव्वाशे वर्षांपूर्वी शिकवलं गेलं, तिथे आज गिऱ्हाइकाला तेवढंच सांगितलं जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मिश्र कापडाचं गणित सरळ आहे. ६५ टक्के पॉलिएस्टर असेल तर तेवढाच भाग रंग धरतो, सुती धागे कोरे राहतात, आणि चित्र पहिल्यापासून जुन्या फोटोसारखं फिकट दिसतं. काहींना ते आवडतं. सुती कापडावर मारायचा एक फवाराही मिळतो, त्याने धाग्यावर पॉलिएस्टरसारखा लेप बसतो आणि रंग त्या लेपात शिरतो. पण मग चित्राचं आयुष्य लेपाएवढंच. चिनी मातीच्या मगावरचे फोटोही असेच लेपात छापलेले असतात. साध्या मगावर ते येत नाहीत.

काळ्या टी-शर्टावर पांढरा बाप्पा

"मग काळ्या टी-शर्टांवर एवढी झकास चित्रं येतात ती कशी?" हा पुढचा प्रश्न. सब्लिमेशनने तर नक्कीच नाही. हे रंग पारदर्शक असतात आणि त्यांच्यात पांढरा नसतोच. पांढरी जागा म्हणजे खालचं कापड. काळ्या कागदावर जलरंगाने चित्र काढून पाहा, काही दिसणार नाही. तसंच हे.

इथे टिकली लागते. सध्या दुकानांत डीटीएफ हा शब्द ऐकू येतो, त्याचा अर्थ चित्र थेट फिल्मवर छापणं. प्लास्टिकच्या पारदर्शक फिल्मवर आधी रंग छापतात आणि त्यांच्यावर पांढऱ्या शाईचा थर देतात, कारण फिल्म पालथी पडल्यावर पांढरा सगळ्यात खाली जाणार असतो. शाई ओली असतानाच तिच्यावर गोंदाची बारीक पूड टाकतात, पोळपाटावर पीठ भुरभुरतात तशी. ओल्या शाईवर पूड धरते, कोरड्या फिल्मवरची झटकली की पडते. मग भट्टीखाली ती पूड वितळून चित्राच्या पाठीवर चिकट थर होतो. नंतर कापडावर ठेवून साधारण १५० ते १६५ अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबलं की गोंद धाग्यांच्या फटीत उतरतो आणि फिल्म सोलून निघते. गोंदाला सुती-पॉलिएस्टर असा भेदभाव नाही. आमच्या त्या बारा टी-शर्टांना खरं तर हेच हवं होतं.

जर्सीवरचे नंबर आणि नावं बऱ्याचदा व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची असतात: रंगीत पत्रा मशीनने कापायचा, नको तो भाग टोच्याने उचलून टाकायचा आणि उरलेलं दाबून चिकटवायचं. एक-दोन रंगांचं काम असेल तर स्वस्त आणि टिकाऊ. फोटो छापायचा असेल तर निरुपयोगी.

"घरच्या इस्त्रीने जमेल का?"

वहिनीला हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. तिचं उत्तर पोळीचं असतं. तवा तापलेला हवा, फडक्याने सगळीकडून सारखं दाबायला हवं, आणि वेळेवर उतरवायला हवं. यातलं एक कमी पडलं म्हणून दुसरं वाढवून भागत नाही. मंद तव्यावर पोळी बराच वेळ ठेवली तर ती भाजत नाही, कडक होते.

इस्त्रीचा तळ लहान, टोकाला आणि मध्ये तापमान वेगळं, वाफेच्या भोकांखाली तर दाबच नाही. शिवाय ती आपोआप बंद-चालू होत राहते, त्यामुळे आकडा खाली-वर होतो. एखाद्या रुमालावर छोटं व्हिनाइलचं नाव, वाफ बंद ठेवून, टणक टेबलावर जोर देऊन चिकटवता येतं. सब्लिमेशनला २०० अंश सगळीकडे सारखे लागतात, ते इस्त्रीला झेपत नाही. अर्धं चित्र गडद आणि अर्धं फिकं येईल.

लाल जर्सीवरचा नंबर गुलाबी का होतो

मला या सगळ्यात हे सर्वांत भावलं, कारण इथे मघाचंच शास्त्र उलटं फिरतं. मुलांच्या संघासाठी लाल पॉलिएस्टर जर्सी आणल्या, वर पांढरे नंबर चिकटवले. दुकानात दुधासारखे पांढरे. काही दिवसांनी गुलाबी. पालक म्हणतात, "लालबरोबर धुतलं असेल." धुण्याचा दोष नाही. लाल जर्सी मुळात डिस्पर्स रंगानेच रंगवलेली आहे. नंबर दाबायला गरम पाटी ठेवली तेव्हा तोच लाल रंग जागा झाला, कापडातून वर उठला आणि वरच्या पांढऱ्या थरात शिरला. कधी ते तिथल्या तिथे दिसतं, कधी हळूहळू. गडद लाल आणि मरून कापडावर हा त्रास जास्त होतो.

उपाय आहेत. कमी तापमानावर वितळणारा गोंद वापरायचा, वेळ कमी ठेवायची, किंवा पांढऱ्याखाली रंग अडवणारा गडद थर असलेला पत्रा घ्यायचा. तो थोडा महाग पडतो. पण दुकानदाराने विचारायला हवं, आणि त्याने नाही विचारलं तर आपण विचारावं: "लाल पॉलिएस्टरवर पांढरं टाकताय, खाली अडवणारा थर आहे ना?"

सब्लिमेशनचा टी-शर्ट कडक गरम इस्त्रीने का दाबायचा नाही, तेही यातूनच कळतं. जो रंग उष्णतेने आत गेला, तो तेवढ्याच उष्णतेने थोडा बाहेरही येतो आणि इस्त्रीच्या चादरीवर उमटतो.

अंगाला आणि पाण्याला काय?

भाद्रपदातल्या दमट हवेत छातीभर डीटीएफचा थर म्हणजे अंगावर प्लास्टिकचा तुकडा बांधल्यासारखं. त्यातून हवा जात नाही. ढोल वाजवणाऱ्या पोरांसाठी चित्र लहान घ्या किंवा मध्ये मोकळ्या जागा सोडून काढा, बराच फरक पडतो. जुन्या पद्धतीच्या पीव्हीसी या प्लास्टिकच्या छपाईत आणि स्वस्त व्हिनाइलमध्ये ते मऊ राहावं म्हणून थॅलेट नावाची रसायनं घातलेली असू शकतात. यातल्या काहींवर लहान मुलांच्या खेळण्यांसाठी अनेक देशांत बंधनं आहेत. तान्ह्या बाळाच्या झबल्यावर असं काही मी तरी लावणार नाही.

पाण्याच्या बाबतीत सब्लिमेशनची बाजू भक्कम आहे: छापल्यावर धुवावं लागत नाही, त्यामुळे रंगीत पाणी गटारात जात नाही. पण पॉलिएस्टर प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सोडतं आणि ते कुजत नाहीत, हेही खरं. आणि प्रेसवर दिवसभर उभं राहणाऱ्याचं काय? बंद खोलीत, गोंदाच्या पुडीच्या आणि तापलेल्या शाईच्या वाफेत? वहिनीने खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. टी-शर्टामागे दोन रुपये वाढले तरी चालतील, पण प्रत्येक दुकानात तो असावा असं मला मनापासून वाटतं.

आगकाडीची परीक्षा

कापड कशाचं आहे हे लेबलावर असतं, पण घाऊक मालाला कित्येकदा लेबलच नसतं. मग एक दोरा काढून चिमट्यात धरायचा आणि वाटीवर जाळून पाहायचा. सुती दोरा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो, आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं, आणि टोकाला टणक काळा मणी उरतो. दोन्ही मिळून झालं तर कापड मिश्र.

यंदाच्या बैठकीला नमुन्याचा टी-शर्ट आला. दुकानदाराने "शंभर टक्के पॉलिएस्टर" लिहून दिलं होतं. आमच्या खजिनदाराने बाहीच्या शिवणीतला दोरा ओढला, पेटवला, मणी झाला. "बघा काकू, बरोबर आहे." मी म्हटलं, "दादा, तो शिवणीचा दोरा. सुती टी-शर्टसुद्धा बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्यानेच शिवतात. कापडातला काढ." त्याने खालची दुमड उसवली, विणीतला एक धागा नखाने सोडवला आणि चिमट्यात धरला. धागा भुरकन जळाला. वाटीत पडलेली राख त्याने बोटाने चोळून पाहिली, ती मऊ होती. त्याने तिथूनच दुकानात फोन लावला.